मण्यांचा पडदा: मोर बसका का दिसतो, सर का तुटतात

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नसलेली मोकळी चौकट आहे, आतून ३० इंच रुंद आणि ८० इंच उंच. तिथे मोर असलेला मण्यांचा पडदा लावायचाय. काचेचे ८ मिलिमीटरचे गोल मणी आणि काचेच्या नळ्या आणल्या, ग्राफपेपरवर मोर काढला, इंचा-इंचावर सहा सर ओवून टांगले. मोराची मान बदकासारखी बसकी दिसतेय आणि आठवड्यात दोन सर तुटून मणी सोफ्याखाली गेलेत. घरात दीड वर्षाचं मूल आहे. शिवाय स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीलाही काही करता येईल का, असं विचारलंय.

मोराचं गणित सोपं आहे, पण पहिल्या पडद्यात ते जवळजवळ सगळ्यांचंच चुकतं. माझंही चुकलं होतं. ग्राफपेपरवरचा एक चौकोन म्हणजे एक मणी, असं आपण धरतो. कागदावर तो चौकोन जितका उंच तितकाच रुंद असतो. टांगलेल्या पडद्यात मात्र उभ्या दिशेला मण्याला मणी लागून असतो, म्हणजे चौकोनाची उंची ८ मिलिमीटर. आणि आडव्या दिशेला पुढचा सर थेट एका इंचावर, म्हणजे २५ मिलिमीटर. तुमचा मोर उंचीच्या मानाने तिप्पट रुंद झाला. बदक नाही तर काय होणार!

याला दोन उपाय आहेत. ग्राफपेपरवर शेजारशेजारचे तीन चौकोन मिळून एक खोका धरायचा आणि त्या आडव्या खोक्यांत चित्र काढायचं. प्रमाण बरोबर येतं, पण अख्ख्या ३० इंचांत तुम्हाला फक्त ३० उभ्या ओळी मिळतात. मोराची मान, तुरा, चोच आणि पिसारा ३० ओळींत बसवायचा म्हणजे तुरा एका सरावर एक मणी, की संपला. दुसरा उपाय म्हणजे सर अर्ध्या इंचावर घ्यायचे. मग ६० ओळी मिळतात, खोका साधारण दीडपट रुंद राहतो आणि मोर मोरासारखा दिसतो. पण आता हिशोब बघा. जमिनीपासून तीन इंच वर सोडले तरी ७७ इंचांच्या एका सरात ८ मिलिमीटरचे साधारण २४५ मणी बसतात. असे ६० सर म्हणजे १४,७०० मणी. काचेचा ८ मिलिमीटरचा मणी अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त भरतो, ०.६ धरा. पडदा पावणेनऊ किलोच्या पुढे जातो. अ‍ॅक्रिलिक घेतलं तर वजन निम्म्यावर येतं. वेळ? मोजून ओवायचा एक सर मला अजूनही वीस-पंचवीस मिनिटं खातो.

एवढं करूनही चित्र टिकत नाही, आणि माझं खरं म्हणणं इथे आहे. सुट्या सरांवर काढलेलं चित्र पहिला माणूस आरपार गेला की मोडतं. सर परत जागेवर येतात, पण कुणी स्वतःभोवती फिरलेला असतो, कुणी शेजारच्यात अडकलेला. दुसरी भानगड मण्यांची. काचेचे मणी सगळे एकसारखे नसतात. मण्यामागे दशांश मिलिमीटरचा फरक असला आणि तो एकाच बाजूला साठत गेला, तर २४५ मण्यांनंतर तो इंचभर होतो. म्हणजे वरती मोराचा डोळा ओळीत येईल, पण खाली पायांशी आडवी ओळ जिन्यासारखी दिसेल. दोन्ही गोष्टी एकच सांगतात: सर वरच्या बाजूला कमी हलतो आणि वरच चूक कमी साठलेली असते. चित्राची जागा वर.

गुजरातच्या काठियावाडातलं जुनं मोतीभरत, म्हणजे मण्यांचं विणकाम, पाहिलंत तर तिथल्या बायकांना हे किती आधीपासून कळलं होतं ते दिसतं. एकोणिसाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानोचे काचेचे मणी झांझिबारच्या व्यापारामार्गे तिकडे येत. त्यांची तोरणं आणि चाकळे (भिंतीवर टांगायचे चौकोनी तुकडे) करताना मणी एकमेकांत विणले जात. हत्ती, मोर, पुतळ्या सगळं विणलेल्या पट्टीत, आणि ती पट्टी दाराच्या माथ्यावर. खाली लोंबणारं जे काही असेल ते साधं. आपल्याकडे रुखवतात मांडतात त्या मोत्यांच्या तोरणाचीही हीच रीत. मोर हलणाऱ्या सरावर बसत नाही, त्याला जाळी लागते.

म्हणून तुमच्या चौकटीसाठी मी असं करीन. वरती १२ ते १४ इंच उंचीची विणलेली जाळी, पूर्ण ३० इंच रुंद, त्यात समोरासमोर दोन मोर. त्या जाळीच्या खालच्या कडेपासून सुटे सर, त्यांत चित्र अजिबात नाही. जाळी चार-चार मण्यांच्या चौफुल्यांची घ्या: चार मणी ओवून गोल बंद करायचा, त्यातल्या एका मण्यातून बाहेर यायचं, नवे तीन घालून पुढचा गोल. दोन गोलांमधला मणी सामायिक. यात मण्याचं आडवं आणि उभं अंतर सारखंच राहतं, त्यामुळे चित्र ताणलं जात नाही. एकच लक्षात ठेवा. चौफुलीत मणी सरळ ओळींत नाही, तिरक्या ओळींत बसतात. ग्राफपेपर पतंगासारखा कोनावर उभा धरा आणि त्या अवस्थेत मोर काढा. सरळ धरून काढलात तर मोर पंचेचाळीस अंशांत कलंडेल. जाळीला ८ चे मणी जड आणि ठोकळेबाज होतात, ६ चे अ‍ॅक्रिलिक घ्या. काच खालच्या सरांत वापरू.

आता सर किती लांब? इथे मुलाचा विचार आधी. दीड वर्षाचं मूल हात वर करून साडेतीन फुटांच्या आतबाहेर पोचतं. ते सर ओढणार, तोंडात घालणार. मणी घशात अडकण्याइतके लहान असतात आणि लोंबत्या दोऱ्याचा फास बसू शकतो. त्यामुळे सध्या एकही सर जमिनीपासून चार फुटांच्या खाली नको. शिवाय दोन सरांची खालची टोकं जोडून झालर किंवा झोपाळ्यासारखा लोंबता गोल कुठेही करायचा नाही, मूल मोठं झालं तरी नाही. प्रत्येक सराचं खालचं टोक सुटं. आणि खुर्ची, स्टूल त्या चौकटीपाशी राहू देऊ नका.

स्वयंपाकघराच्या वाटेवर लांब पडदा तसाही नको. माझा पहिला काचेचा पडदा मी जाऊबाईंच्या घरी लावला होता, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, पार जमिनीपर्यंत. दिसायला झकास. तिसऱ्या दिवशी त्या दोन्ही हातांत ताटं घेऊन आल्या, एका सराचं टोक आमटीच्या वाटीत बुडालं आणि वाटी त्या सराबरोबर निघाली. रात्री कुणी पाणी प्यायला उठलं की खळ्ळ आवाजाने घर जागं. सासऱ्यांनी महिनाभर काही म्हटलं नाही. मग एक दिवस काठीच्या मुठीने तो सगळा पडदा बाजूला सरकवून खिळ्याला अडकवून ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

तर चौकटीच्या मधल्या पंधरा-सोळा इंचांत जाळीखाली सर सोडूच नका. तिथे डोकं येतं. जाळीची खालची कड ६६ इंचांवर, म्हणजे साडेपाच फुटांवर येते. घरात त्याहून उंच कुणी असेल तर मध्यभागी जाळी आणखी आखूड करा, कमानीसारखी. दोन्ही बाजूंना सर हळूहळू लांबवत कडेला १८ इंचांपर्यंत न्या. ही कमान डोळ्यांच्या अंदाजाने काढू नका. वर्तमानपत्राची पानं चिकटवून चौकटीएवढा कागद करा, उभी घडी घालून एकदाच कापा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतील, तो चौकटीला चिकटपट्टीने लावा आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला हातात कुकर देऊन दोन-चार वेळा ये-जा करायला लावा. जिथे कागद फाटेल तिथे अजून कापा. सरांची लांबी त्या कागदावरून घ्या.

सर तुटले कसे, हे तुटलेलं टोकच सांगेल. ते हातात घेऊन उजेडात बघा. टोक पिंजलेलं, केसाळ असेल तर दोरा घासून तुटलाय, आणि बहुतेक नळीच्या तोंडाशी. काचेच्या नळ्या कापलेल्या असतात, त्यांची कड ब्लेडसारखी. बोट फिरवून बघू नका, नायलॉनच्या जुन्या मोज्यावर घासून बघा, धागा ओढला गेला की समजा. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एक-एक बारीक गोल मणी, २ किंवा ३ मिलिमीटरचा. नळी सराच्या शेवटी कधीच ठेवायची नाही. टोक स्वच्छ असेल आणि तुटल्या जागी पांढुरकं दिसत असेल, तर तुम्ही तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, वापरलाय आणि तो गाठीपाशी दुमडून गेलाय. आणि शिलाईचा दोरा वापरला असेल तर तुटण्याचं कारण शोधायची गरजच नाही.

दोऱ्याबद्दल माझं मत: अ‍ॅक्रिलिक आणि लाकडी मण्यांना अर्ध्या मिलिमीटरचा तंगूस चांगला. तो सुईशिवाय ओवता येतो आणि दिसत नाही. पण गुंडाळीचा वळसा त्याच्या अंगात मुरलेला असतो, त्यामुळे हलक्या मण्यांचा सर सरळ लोंबत नाही, स्प्रिंगसारखा तरंगतो. ओवण्याआधी कापलेले तुकडे खाली वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा. उन्हात तो काही वर्षांत कडक होऊन मोडायला लागतो, म्हणून खिडकीला नको. काचेला मी नायलॉनचं वेष्टण असलेली पोलादी तार वापरते, दागिन्यांचं सामान विकणारे तिला गिअर वायर म्हणतात. ती घासत नाही, ताणत नाही. फक्त दुमडली की घडी कायमची राहते.

गाठ खाली मारायची नाही. दोरा सराच्या लांबीच्या दुप्पट अधिक बारा इंच घ्या. शेवटचा मणी मधोमध अडकवा आणि मग दोन्ही पदर एकत्र धरून बाकीचे मणी ओवत वर या. आता खालचं टोक म्हणजे नुसता दोऱ्याचा वळसा, गाठ सुटायचा प्रश्नच नाही, आणि एक पदर गेला तरी दुसरा धरून असतो. ८ च्या मण्याच्या भोकातून अर्ध्या मिलिमीटरचे दोन पदर सहसा जातात. जिथे मोजमाप नेमकं हवं तिथे मात्र वरून खाली ओवा आणि शेवटच्या मण्याला वळसा घालून तोच दोरा वरच्या चार-पाच मण्यांतून उलटा काढा.

वरचं टोक जाळीला थेट बांधू नका. मध्ये एक पातळ, उघडी कडी घाला. कुणी जोरात ओढलं तर कडी उघडते आणि सर अख्खाच्या अख्खा खाली येतो. सर मधेच तुटून पन्नास-साठ मणी फरशीवर उधळण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, आणि धुवायलाही एकेक सर काढता येतो. हे मी दुसऱ्या पडद्यापासून न चुकता करते.

ओवायला ताट घेऊन बसू नका. सरकत्या खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा फॅब्रिकेशनवाल्याकडे उरलेला पडून असतो, तो मागून आणा. त्याच्या खाचेत मणी रांगेत बसतात. कडेला मार्करने दर पाच इंचांवर खूण करा. ओवलेला सर खाचेत ठेवला की मोजणीपेक्षा लांबीवर लक्ष राहतं: ८ चा सोळावा मणी पाच इंचांच्या खुणेच्या बराच पुढे गेला असेल तर तिथल्या तिथे एखादा बारका मणी बदलून टाका. पाचव्या इंचाला सापडलेली चूक दोन मिनिटांची असते.

मणी घेताना मोजत बसायचं नाही. शंभर मणी स्वयंपाकाच्या काट्यावर तोला, त्यावरून किलोत किती येतात ते काढा. काचेचे मणी लडीवर मिळतात, प्लॅस्टिकचे वजनावर. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर; दोन्हीकडे सकाळी लवकर जा म्हणजे दुकानदार बोलायच्या मनःस्थितीत असतो. एका रंगाचा सगळा माल एकदमच घ्या, वर दहा टक्के जास्त. पुढच्या महिन्यात तोच निळा म्हणून जो मिळतो तो तोच नसतो.

रंग निवडताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मण्यांचा ढीग बघून फसायला होतं. चौकटीत पडदा लागला की उजेड मागून येतो. मागून उजेड आला की अपारदर्शक मणी, मग तो केशरी असो की पोपटी, दिवसा काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. रंग दिसतो तो पारदर्शक काचेचा. दुकानातच एक लडी उचला, दारात या, आकाशाकडे धरून बघा. तुमच्या घरी स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, म्हणजे सकाळी हॉलमधून पाहताना अपारदर्शक मण्यांचा मोर निव्वळ सावली होणार आणि संध्याकाळी हॉलचा दिवा लागला की रंगीत. हे वाईट आहे असं नाही. सावली म्हणूनही तो ओळखू आला पाहिजे, एवढं बघा: मान बारीक, तुरा सुटा, पाठीमागे रिकामी जाळी. पिसाऱ्याच्या डोळ्यांना मात्र पारदर्शक निळे मणी घाला.

रंग काचेतच आहे की वरून चढवलाय, हे बघायला एक मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाच मिनिटं ठेवून पांढऱ्या फडक्यावर पुसा. फडकं रंगलं तर तो मणी खिडकीच्या उन्हात टिकणार नाही. फोडणीच्या धुराचा चिकट थर स्वयंपाकघराच्या पडद्यावर बसणारच. काच आणि साधं अ‍ॅक्रिलिक कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुता येतं. नकली मोत्यांची चकाकी त्यात उतरते, आणि लाकडी मणी भिजले की फुगतात, कोकणात तर पावसाळ्यात न धुताच बुरशी धरतात. चुलीजवळ दोन्ही नकोत.

टांगायचं कसं: दांड्यावर कड्या घालून टांगू नका, त्या सरकून अंतर बिघडतं. एक इंच जाड सागवानी पट्टी घ्या, तिला खालून दर इंचाला छोटे आकडे लावा आणि जाळीची वरची कड त्यांत अडकवा. पट्टी चौकटीच्या आत नाही, हॉलच्या बाजूने दर्शनी लावा, म्हणजे उंची खाल्ली जात नाही. चौकट लाकडी असेल तर स्क्रू थेट. आजकाल स्वयंपाकघराला ग्रॅनाइटची पट्टी असते, तिला भोक पाडायच्या फंदात न पडता वरच्या भिंतीत प्लग ठोकून तीन ठिकाणी धरा. जाळी, सर आणि पट्टी मिळून फार भार नाही, पण लोक पडद्याला धरून चप्पल घालतात हे मी पाहिलंय.

घुंगरू लावायचा मोह होतो. जाळीच्या दोन कोपऱ्यांना एक-एक लावा.

आता खिडकी. तिथे मणी झडपेला किंवा काचेला आपटता कामा नयेत, वाऱ्याने ते आपटतातच. म्हणून वरचा एक तृतीयांश भाग, त्याखाली नाही. सर दोन-दोन इंचांवर, मोकळे मोकळे, गिअर वायरवर. गॅसची शेगडी खिडकीखाली असेल तर हा विचारच सोडा.

आणि तुमचे ते सहा सर टाकून देऊ नका. दोन तुटलेत, चार आहेत. त्यांच्या नळ्या काढून टाका, गोल मणी ठेवा आणि एकेका सराचे चार आखूड सर नव्याने ओवा. अठरा इंचांपर्यंतचे सोळा सर मिळतील, त्यातले काही मोराच्या मानेच्या निळ्याचे. तो निळा पारदर्शक असेल तर सकाळी सातच्या सुमारास समोरच्या फडताळावर त्याचे ठिपके पडतील. ते कुठे पडतात ते आधी एक सर नुसता हातात धरून बघून घ्या आणि मग आकडे ठोका.